दादांच्या बाजाचा भाव

अहो, मुंबईच्या एका माणसाचा फोन आला होता. तुम्ही गेल्याचं त्याला कुणीतरी कळवलं असावं, कारण आधी त्याने दोन वाक्यं दुःखाची बोलून घेतली आणि तिसऱ्या वाक्याला तबकडीच्या बाजावर आला. "काकू, तो मोठ्या पितळी भोंग्याचा पीस अजून आहे ना घरात? द्यायचा असेल तर भाव सांगा." मी म्हटलं, विचारून सांगते. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, की विचारणार कुणाला.

तुम्हाला जाऊन महिना व्हायचाय. भेटायला येणारे सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. नोटांच्या प्रेसमधले म्हणतात, सरळ माणूस. कॉलनीतल्या बायका म्हणतात, कधी आवाज चढवला नाही. मी चहा करते आणि मान हलवते. आवाज चढवायचं काम या घरात माझ्याकडे होतं, तेव्हा त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण आपण किती भांडायचो आणि कशावरून, हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नाही. मला तर त्या भांडणांचीच आठवण जास्त येते.

त्यातलं एक अर्धं राहिलं आहे. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांना तुम्ही त्यांच्या जुन्या बाजांचे भाव सांगितलेत. कुणाचा बाजा, कुणाचं गाव, तुम्हाला ओळख ना पाळख. पण ज्या बाजाने तुम्हाला या नादाला लावलं, त्या माझ्या माहेरच्या, वडिलांच्या म्हणजे दादांच्या बाजाचा भाव मी विचारला की तुमचं ठरलेलं उत्तर असायचं, बघू. कधी म्हणायचात, फुरसतीने काढू. आता खरोखरच कुणीतरी भाव मागतोय. मंदारला पुण्याला फोन केला तर तो म्हणतो, आई, तूच ठरव, विकायचा का आणि केवढ्याला. आणि माझ्याकडे सांगायला काही नाही. इतका राग आला तुमचा, की वही घेऊन बसले.

बाजा आपल्याकडे आला तो दिवस आठवतो का? माझ्या मैत्रिणींना लग्नात कपाटं मिळाली, शिलाई मशिनं मिळाली. मखमलाबादच्या माझ्या वडिलांनी लेकीला बाजा दिला. दादांचा फुलांचा मळा होता, पण लग्नसराईत ते बाजा घेऊन गावोगाव जायचे. मांडवात सगळ्यांना दिसेल असा ठेवायचे, चावी भरायचे, तबकडी लावायचे. 'विलायतेहून आलेला बाजा' म्हणून पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. पुढे लाउडस्पीकर आले आणि बाजा घरी बसला, तो त्यांनी माझ्याबरोबर पाठवला. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. कपाट आलं असतं तर कामाला तरी आलं असतं, असं त्या माझ्या देखतच म्हणाल्या. आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याच्यापुढे बसलात. नवी नवरी बाजूला आणि नवरा तिच्या माहेरच्या वस्तूचे स्क्रू काढतोय. मला तेव्हाच कळायला हवं होतं, हा संसार कसा होणार ते.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत तुमचा नाद आवरता होता. नव्वदच्या पुढे मात्र दर बुधवारी गोदेकाठच्या बाजारात तुमची फेरी सुरू झाली. भंगारवाले तुम्हाला ओळखायला लागले. कुठून मोडकी पेटी आण, कुठून नुसताच सुई बसवायचा साउंडबॉक्स आण. निवृत्त झालात आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. माझ्या जुन्या साड्या फाडून तुम्ही त्या पेट्यांवर पांघरल्यात. एकदा माझी ठेवणीतली नारायणपेठ एका बाजावर दिसली तेव्हा मी दिवसभर बोलले नाही, आणि संध्याकाळी तुम्ही निरागसपणे विचारलंत, आज घर इतकं शांत कसं?

मग स्टेशनच्या रस्त्यावर सायबर कॅफे निघाला. आत सगळी कॉलेजची पोरं, मधल्या खुर्चीत स्वेटर घातलेले तुम्ही आणि मागे स्टुलावर भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली मी. एकट्याने तिथे बसायची तुम्हाला लाज वाटायची, म्हणून मला न्यायचात. लिलावाच्या साइटवर जगभरचे बाजे विकायला लागलेले असत. सगळ्यांनाच ते लोक फोनोग्राफ म्हणत, आणि तुम्ही दर वेळी मला समजावून सांगायचात, की नळकांड्यावर वाजतो तो फोनोग्राफ आणि तबकडीवर वाजतो तो ग्रामोफोन. मी दर वेळी म्हणायचे, आमच्याकडे दोन्हीला बाजाच म्हणतात.

तेव्हा फोटो एकदम दिसायचा नाही. पट्टी पट्टीने वरून खाली उतरायचा. आधी भोंगा यायचा, चकचकीत, फुलासारखा उमललेला, आणि पेटी अगदी शेवटी. भोंगा दिसला की तुम्ही पडद्यावर तळहात ठेवून तो झाकायचात. म्हणायचात, भोंगा बघून भाव काढणारा हमखास फसतो, म्हणून भोंगा झाकायचा आणि पेटी बघायची. पुढचा फोटो आला की पुन्हा हात. कॅफेवाला कुरकुरायचा, काका, काच सगळी बोटांनी भरली, आणि फडकं घेऊन यायचा. मला आधी हसू यायचं. पण हळूहळू मीसुद्धा तुमच्या हाताखाली काय दिसतंय ते बघायला लागले. चावीचं भोक वापराने घासलंय की नवं आहे. कंपनीची खूण लाकडात मुरलीय की वर चिकटवलीय. पुष्कळदा पेटी मुळात झाकणाची, घरात टेबलावर ठेवायची असते. तिचं झाकण काढून टाकतात आणि वर नवा भोंगा बसवून जुना बाजा म्हणून विकतात. मग बिजागरीची भोकं मागच्या कडेला बुजवलेली सापडतात. हे सगळं मी तुमच्याकडून शिकले, नको म्हणत म्हणत.

तुमची नजर प्रेसमधली. नोकरीभर तुम्ही नोटांच्या छापील कागदांतली खोट शोधलीत. शाई कुठे पसरली, रेघ कुठे तुटली. घरी येऊन पोळीकडेसुद्धा तुम्ही त्याच नजरेने बघायचात. लोकांना वाटायचं, खोट शोधणारा माणूस म्हणजे खोट्या नोटा पकडणारा. तुम्ही चिडून सांगायचात, की खोट असलेली नोट खोटी नसते, ती खरीच असते, फक्त बिघडलेली. खोट वेगळी आणि खोटं वेगळं. बाजांनाही तुम्ही हेच लावलंत. खोट चालेल, पण ती आधी सांगायची. सगळं सांगून झाल्यावरही माणूस जो भाव द्यायला तयार असतो, तोच रास्त.

रास्त हा शब्द तुम्ही इतक्यांदा उच्चारलात की कॉलनीने आपल्या घराचं नावच 'रास्त भाव दुकान' ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, साखर आली का हो? मला लाज वाटायची आणि तुम्ही मात्र खूश. कुणी गिऱ्हाईक आपली पेटी घेऊन आलं की वहिनीच जिन्यात हाक मारायच्या, आणा आणा, दुकान उघडं आहे.

आणि इथेच आपलं ते भांडण सुरू व्हायचं. तुम्ही म्हणायचात, रास्त भाव एकच असतो. घेणाऱ्याला तोच आणि विकणाऱ्याला तोच, नाहीतर दोघांतला एक जण फसतो. मी फुलं विकणाऱ्यांच्या घरातली. दसऱ्याच्या सकाळचा झेंडू आणि दसऱ्याच्या संध्याकाळचा झेंडू यांचा भाव एक असतो, असं सांगणाऱ्या माणसाला माझ्या आईने पाटीजवळ उभं केलं नसतं. तुम्ही म्हणायचात, झेंडू तोच आहे ना? मी म्हणायचे, झेंडू तोच, पण समोरचा माणूस तोच नाही. विकणाऱ्याच्या हातात एक भाव असतो आणि घेणाऱ्याच्या मनात दुसरा. तुम्ही म्हणायचात, मनातला भाव मोजता येत नाही. मी म्हणायचे, म्हणून तो नसतो का? मग तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात. चष्मा पुसायला लागलात की वाद संपला असं तुम्ही धरायचात, आणि तो अर्धा राहिला असं मी धरायचे. सगळी वर्षं हे असंच चाललं.

सटाण्याचा तो कांदेवाला आठवतो? सरळ पोतं घेऊन आला आणि पोत्यातून बाजा काढला. तुमच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "काका, हाऊ मना आजाना बाजा शे. कितला येतीन?" तुम्ही भोंग्यावर उपरणं टाकलंत आणि पेटीला कान लावलात. खरा निघाला. फार खरा, असं म्हणालात, आणि तुमचा चेहरा असा उजळला, जणू तो बाजा तुमच्याच आजोबांचा होता. त्याच्या वतीने तुम्ही तो साइटवर लावलात. पुण्याच्या एका गृहस्थांनी मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत पत्र पाठवून विचारलं, काय काय माहीत असायला हवं? तुम्हीही तसंच उत्तर टाइप केलंत. तुमच्या नियमाप्रमाणे सगळ्यात वर मथळा दिलात, 'खोट', आणि खाली लिहिलंत, भोंग्याची पाकळी, चावीचा दांडा, पेटीचा मागचा कोपरा.

इंग्रजी अक्षरांत शेवटी 'a' लावला की खोट आणि खोटं सारखंच दिसतं, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पुण्याच्या गृहस्थांनी ते 'खोटं' वाचलं. त्यांचं उत्तर आलं, की भोंगाही खोटा, चावीही खोटी आणि पेटीही खोटी, तर मग आपण विकताय काय? वर त्यांनी चार जणांना कळवूनही टाकलं, की नाशिकचा एक माणूस खोटा माल विकतो आणि वर ते कबूलही करतो. तुम्ही चपला न घालता खालच्या फोनवर धावलात. बूथमधून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडत होतात, "अहो, खोट आहे हो, खोटं नाही. टिंब नाही, टिंब." पुण्याचा माणूस समंजस निघाला, हसला, आणि बाजा त्यानेच घेतला. सटाण्याच्या पोराने कांद्याचं पोतं आणून टाकलं आणि आपण दिवाळीपर्यंत कांदेच खाल्ले. पण त्या एका टिंबाने तुम्ही जितके घाबरला होतात तितके घाबरलेले तुम्हाला मी कधी पाहिलं नव्हतं. आपल्याला कुणी खोटं म्हणावं, हे तुम्हाला सोसलंच नसतं.

मग गंगापूर रोडच्या त्या बाई आल्या. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. बाजा मऊ शालीत गुंडाळून आणला होता. ह्यांनी लंडनहून आणला होता, असं म्हणाल्या. तुम्ही भोंगा झाकलात आणि दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलंत. पेटी नवी, खूण चिकटवलेली, भोंगा पातळ पत्र्याचा, हा बाजा लंडनला कधी गेलेलाच नाही. बाई शालीची घडी घालायला लागल्या आणि घडी काही केल्या त्यांना जमेना. शेवटी मीच ती घालून दिली.

त्या जिना उतरल्या आणि मी तुमच्यावर तुटून पडले. काय गरज होती? भाव सांगायचा होता, तेवढा सांगायचा. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याला खोटं कशाला पाडलंत? तुम्ही म्हणालात, अर्धं सांगून भाव कसा सांगू? मी म्हटलं, मग भावही सांगू नका. जिथे सगळं सांगून माणूस मोडणार असेल, तिथे भाव सांगायचाच नसतो. तुम्ही चष्मा पुसला नाहीत. मला वाटलं, या वेळेला तरी तुमच्या मनाला लागलं. ते किती लागलं होतं, ते मला परवा कळलं.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आवरासावरीत, मी दादांचा बाजा चिंचेने घासायला काढला. दर वर्षी घासायचे, पण त्या वर्षी माझे डोळे तुम्ही बिघडवलेले होते. भोंगा उतरवून बाजूला ठेवला आणि पेटी पुसायला आडवी केली. मागच्या कडेला, एका रेषेत, लाखेने बुजवलेली भोकं होती. वर रंग दिलेला, पण बोट फिरवलं की कळत होतं. बिजागरीची जागा. मग खूण बघितली. चिकटवलेली. लहानपणापासून मी ज्याला विलायती म्हणत आले, त्या बाजाची पेटी झाकणाची होती आणि भोंगा मागाहून बसवलेला.

मला दादांची लाज वाटली नाही, हे आधी सांगते. भीती वाटली. दादांना कुणी फसवलं असेल, तर तो भोळा माणूस जन्मभर दुसऱ्याचं खोटं डोक्यावर घेऊन लग्नं वाजवत फिरला. आणि दादांनीच लोकांना फसवलं असेल, तर मग कुठलं काय खरं धरायचं? दोन्हींतलं काहीच मला नको होतं. मी पेटी हातात धरून तशीच उभी होते आणि तुम्ही बाल्कनीतून आत आलात. पेटी कशी धरलीय ते बघितलंत. मग म्हणालात, "चहा ठेवू का?"

लग्न झाल्यापासून तुम्ही स्वतः होऊन चहा ठेवल्याचं मला आठवत नाही. तिथेच मला कळलं, की तुम्हाला हे केव्हापासून माहीत आहे. 'बघू' का म्हणता, फुरसत का मिळत नाही, तेही कळलं. तुमचा चहा फार गोड झाला होता. मी तो प्यायले. त्यानंतर मी बाजाचा भाव कधी विचारला नाही, आणि मी विचारणं का थांबवलं, हे तुम्हीही विचारलं नाहीत. जगाला सगळं सांगणारा माणूस आणि जगाशी भांडणारी बाई, दोघं एका पेटीसमोर गप्प बसले. बाजा मात्र वाजत राहिला. रविवारी सकाळी तुम्ही चावी भरायचात, मी खाली बसून लसूण सोलायचे. इतकं बरं वाटायचं, की मला वाटलं, हे असंच चालेल आणि कधीतरी एकदा सहज बोलून होईल.

झालं नाही. दवाखान्यात आपण गोळ्यांवर बोललो, मंदारच्या बदलीवर बोललो, पलीकडच्या खाटेवरच्या माणसाच्या घोरण्यावर बोललो. बाजावर नाही.

तर मुंबईच्या माणसाचा फोन आल्यावर मी ठरवलं, की विकायचं की नाही ते नंतर, आधी तुमच्या नियमाने सगळं जाणून घ्यायचं. दादा फसले की दादांनी फसवलं, हे न कळता मी कुणाला काय सांगणार होते? दादा नाहीत, आई नाही. राहिला तो माझा थोरला भाऊ. परवा बसने मखमलाबादला गेले. भाऊ मळ्यात गुलाबाच्या जुड्या बांधत बसला होता. मी त्याच्यासमोर बसले आणि कसलीही प्रस्तावना न करता विचारलं, की दादांचा बाजा खरंच विलायतेचा होता का?

भाऊ जुडी बांधता बांधता हसला. "विलायती कुठला, सुमे. भांडीबाजारातल्या तांबटानी ठोकलेला भोंगा हाय तो. दादा झेंडूच्या पाट्या घेऊन नाशकात गेले आन् येताना रिकाम्या पाटीत भोंगा घालून आले. सगळ्या गावानी बघितला."

मी विचारलं, मग पेटी? भाऊ म्हणाला, पेटी जुन्या बाजारात झाकण मोडलेली मिळाली होती. दादा नुसती तीच घेऊन लग्नाला जायचे, तर लोक म्हणायचे, ह्यात बाजा कुठाय? नुसत्या पेटीतून आवाज येतो, हे लोकांना पटायचं नाही. लग्नात भोंगा दिसावा लागतो. म्हणून दादांनी तो करून घेतला. आणि विलायती? भाऊ म्हणाला, "ती चेष्टा व्हती गावाची. दादा पाटीत भोंगा घेऊन आले तवा कुणीतरी विचारलं, कुठून आणला? दादा म्हणले, विलायतेहून. तवापासून सगळे विलायतीच म्हणायचे, आन् वरची खूणबी त्याच चेष्टेत चिकटवली. तू लय बारकी व्हतीस, तुला खरंच वाटलं."

मी गुलाबांच्या ढिगाशेजारी बसून इतकी हसले की भाऊची सून पाणी घेऊन धावत आली. आणि मग हसता हसताच रडायला लागले. कुणी फसलं नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं. सगळ्या गावात एकटी मीच विलायतेवर विश्वास ठेवून बसले होते, आणि माझ्यासाठी तुम्ही.

भाऊ म्हणाला, "पण तू आता का विचारतीस? दाजींना समदं ठाव व्हतं की. ते आले व्हते ना विचारायला."

तुम्ही गेला होतात. मला न सांगता, एकटे, बसने, त्या गंगापूर रोडच्या बाई येऊन गेल्यानंतर. भाऊसमोर तुम्हीही असेच बसला होतात आणि हाच प्रश्न विचारला होतात. सगळं ऐकून घेतलंत. भाऊने गमतीने विचारलं, मग दाजी, तुम्ही सगळ्यांच्या बाजाचे भाव काढता, ह्याचा काय निघतो? आणि तुम्ही भाव सांगितलात. मला जन्मभर सांगितला नाहीत तो भाव तुम्ही माझ्या भावाला सांगितलात.

मी म्हटलं, काय सांगितला?

"म्हणले, विकायचा झाला तर पितळेचं वजन करा, त्याच्या वर काय नाय." भाऊने जुडीला सुतळीचा वेढा दिला. "मी म्हटलं, मंग काय, भंगारच की. तर म्हणले, थांबा. घ्यायचा झाला तर आपल्याला परवडायचा नाय."

भाऊ पुढे म्हणाला, "मला कळंना. मी म्हटलं, असं कसं दाजी, एकाच बाजाचे दोन भाव? तर हसले. म्हणले, सुमनला सांगू नका, ती जन्मभर ऐकवेल मला."

मी येताना बसमध्ये खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? घरी येऊन मंदारला फोन केला. म्हटलं, त्या मुंबईच्या माणसाला सगळं सांग. भोंगा भांडीबाजारातला, पेटी झाकणाची, खूण चिकटवलेली. आणि हेही सांग, की बाजा विकायचा नाही. मंदार म्हणाला, विकायचाच नाही तर एवढं सगळं कशाला सांगायचं? म्हटलं, आपल्या घराची पद्धत आहे.

आणि आता तुम्हाला सांगते. मला माहीत होतं हो. त्या चहाच्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही मला जपत होतात आणि मी तुम्हाला, आणि दोघांनी मिळून इतकी वर्षं एक साधं बोलणं फुकट घालवलं. मी एकदा भाऊला विचारलं असतं, तुम्ही एकदा मला सांगितलं असतं, तर आपण दोघं त्या गुलाबांच्या ढिगाशेजारी बसून हसलो असतो. तुमच्यावरचं इतकं प्रेम मी कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात ती रीत नव्हती. आता लिहून दाखवते आहे, तर वाचायला तुम्ही नाही.

दोन भाव असतात, हे तुम्ही मान्य केलं होतंत. विकणाऱ्याच्या हातातला एक आणि घेणाऱ्याच्या मनातला दुसरा, आणि मनातला मोजता येत नाही म्हणून तो नसतो असं नाही. माझंच वाक्य, मखमलाबादला जाऊन, माझ्या माघारी, माझ्या भावाला सांगून आलात. आणि घरी येऊन चष्मा पुसत बसलात.

ऐकवलंच असतं मी. रोज ऐकवलं असतं, भाजी निवडताना, कुणी पाहुणे आले की त्यांच्यासमोर, जिन्यात वहिनींना थांबवून. सगळ्या कॉलनीला कळलं असतं, की रास्त भाव दुकानात दोन भाव निघाले. तुम्ही वैतागून बाल्कनीत गेला असतात आणि मी तिथेही आले असते.

इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले, अहो. पण एकदा माझ्यासमोर बसून हरायला हवं होतंत.